पान चारशे अडतीस

सोमवार, ४ मार्च

कोशाच्या सातव्या खंडाची जबाबदारी मिळाली. मुख्य संपादकांनी कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला, जेवताना मीठ सरकवावं तसा. "मेमध्ये छापखाना," म्हणाले. "तुम्ही आहात म्हणून मला झोप लागेल." मला लागणार नाही, हे मी बोलले नाही.

ही वही येताना घेतली. कामाच्या वहीत शंका लिहिता येत नाहीत.

घरी मावशीला सांगितलं. ती छत्तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होती.

"म्हणजे आता काय करणार?"

"करत होते तेच. लॅटिन शब्दांचे आपल्या भाषेत अर्थ."

"मेलेली भाषा."

"तसं अगदी म्हणता येणार नाही."

"येतं. मेलेलं मी ओळखते."

मग तिला पुन्हा एकदा समजावलं. एका शब्दाच्या अनेक चिठ्ठ्या असतात. चिठ्ठीवर जुन्या पुस्तकातलं एक वाक्य, त्याचा खंड, त्याचं पान. उजव्या कोपऱ्यात दोन आकडे. पहिला चिठ्ठी लिहिणाऱ्याचा, दुसरा तपासणाऱ्याचा. नावं घालत नाहीत. तपासणाऱ्याने ते पुस्तक काढायचं, पान उघडायचं, वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच आकडा घालायचा. दोन्ही आकडे पडले की चिठ्ठी कोशाची. मग ती लिहिणाऱ्यालाही परत घेता येत नाही.

"आमच्या औषधांच्या कपाटासारखं," मावशी म्हणाली. "एकीनं मोजायचं, दुसरीनं बघून सही करायची."

"तसंच."

"आणि दुसरी न बघताच करते."

"आमच्याकडे नाही करत."

"मग तुमच्याकडे माणसं नसतील."

बुधवार, ६ मार्च

'ओ' अक्षरात मरण फार. ओबिरे, ओक्कुम्बेरे, ओप्पेतेरे. नुसतं साधं मरणं मागच्या खंडात होऊन गेलं. त्याला 'मोरी' म्हणतात हे ऐकून मावशीनं तेव्हा विचारलं होतं, मग भांडी कुठं घासायची.

भिंगला घेऊन बसले. भिंग म्हणजे आमची सगळ्यांत धाकटी तपासनीस. हातात कायम भिंग असतं म्हणून नाव पडलं. तिला माहीत आहे, तिची हरकत नाही. आपल्या भाषेतले पर्याय कागदावर काढले. वारणे, जाणे, दगावणे, खपणे, आटोपणे, डोळे मिटणे, गचकणे.

"ढगात जाणे राहिलं," भिंग म्हणाली.

"ते कोशात नाही घेत."

"लोक जातात तरी."

ओप्पेतेरे चांगला शब्द आहे. फोड केली तर समोर, आणि कशाच्या तरी दिशेनं निघणं. मरण तुमच्याकडे येत नाही, तुम्ही त्याच्याकडे चालत जाता. बऱ्याचदा त्याच्याबरोबर मरण हा शब्द जोडून येतो. काही ठिकाणी तोही लागत नाही, क्रियापद एकटं पुरतं. आमच्या खणात चोवीस चिठ्ठ्या. तेवीस लढाईतल्या. चोविसावी एका थडग्यावरच्या लेखाची:

पन्नास वर्षं चार महिने जगली. आपल्या घरी, शुद्धीत, दाराकडे तोंड करून मरणाला सामोरी गेली. नवऱ्यानं दगड बसवला.

या एका चिठ्ठीवर अर्थ क्रमांक दोन उभा आहे. 'घरी, शुद्धीत, न घाबरता मरणे.' नियमानं शिलालेख असेल तर एकच चिठ्ठी पुरते. खालचे आकडे १ आणि १७. १ म्हणजे सर, आमचे आधीचे मुख्य संपादक.

चिठ्ठी पूर्वी पाहिल्यासारखी वाटली. भिंगला म्हटलं, छापखान्यात जाण्याआधी सगळी स्थळं, म्हणजे खंड आणि पानं, एकदा परत बघून घे. हा नियम नाही. माझा काटेकोरपणा आहे.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी भिंग दारात उभी. हातात शिलालेखांचा सहावा खंड, तो जड आहे म्हणून पोटाशी धरलेला.

"मॅडम, पान चारशे अडतीस नाही."

"फाटलंय?"

"नाहीच आहे. पुस्तक चारशे बाराला संपतं."

मी पुस्तक उघडलं. चारशे बारा, त्यावर समाप्तीची रेघ, मग कोरं पान, मग पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या आतही पाहिलं, कशासाठी ते माहीत नाही.

"आकडा चुकला असेल," मी म्हटलं. "तीनशे अडतीस बघ. चारशे आठ बघ."

"बघितले. एकशे अडतीस, दोनशे अडतीस सुद्धा. सूचीत बायकांची थडगी वेगळी आहेत, ती सगळी वाचली. पन्नास वर्षं चार महिने कुणी नाही." मग म्हणाली, "सतरा कोण, मॅडम?"

"जुना आकडा आहे. रजिस्टर बघून सांगते."

रजिस्टर माझ्याच कपाटात आहे. ती बघत उभी राहिली, मग पुस्तक घेऊन गेली.

रविवार, १० मार्च

कपाट आवरलं. परत बिघडवलं. दुकानापर्यंत जाऊन काही न घेता आले. मावशी म्हणाली, "पायाला भिंगरी लागल्यासारखी काय फिरतेस? बस की एका जागी." बसले. वीस मिनिटं बसले असेन.

मंगळवार, १२ मार्च

दुसऱ्या आवृत्तीची शक्यता आहे. सहाव्या खंडाची कधीतरी वाढीव आवृत्ती निघाली असू शकते, तिची पानं जास्त असतील. भिंगला विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाठवलं. जायला दोन तास, यायला दोन तास. संध्याकाळी आली तेव्हा पावलं ओढत होती.

"तिथं आपल्यासारखीच आहे. ग्रंथपाल म्हणाले, दुसरी आवृत्ती कधी निघालीच नाही."

"लष्करी महाविद्यालयात जुना संग्रह आहे. तिथं विचारायला हवं."

"विचारते." पिशवी खांद्यावरून काढली, परत अडकवली. "मॅडम, काखेत कळसा आणि गावाला वळसा असं तर होत नाही ना आपलं?"

"म्हणजे?"

"काही नाही. सतरा सापडला असता तर त्यांनाच विचारलं असतं, कुठं बघितलंत म्हणून."

ती बोलताना माझ्या टेबलावरच्या मुद्रितांकडे बघत होती. मी त्यांवर पानांचे आकडे घालत होते. मी म्हटलं, घरी जा, दमली आहेस.

गुरुवार, १४ मार्च

इथं लिहायला कोण अडवतंय? सहा दिवस या वहीतसुद्धा रजिस्टर बघते असंच लिहून ठेवलं आहे. रजिस्टर बघायची गरज नाही.

सतरा मी.

उमेदवारीचं पहिलं वर्ष. कायम झाल्यावर तीन नंबर मिळाला, सतरा परत गेला. त्या वर्षी मी तेवीस वर्षांची होते. रोज चाळीस चिठ्ठ्या तपासायच्या, सगळ्या सरांच्या. पहिल्या शंभराला प्रत्येक पुस्तक काढलं. शिडीवर चढून, धूळ खाऊन. शंभरच्या शंभर बिनचूक. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. एकशेएकाव्या चिठ्ठीला मी शिडीवर चढले नाही. सरांची चिठ्ठी पडताळायची म्हणजे सरांवर अविश्वास दाखवायचा, असं मी मनाशी म्हटलं, आणि ते मला आदरासारखं वाटलं. खरं म्हणजे पाय दुखत होते.

किती दिवस? पावसाळी सुट्टीपर्यंत तरी. नंतर परत पुस्तकं काढू लागले, का ते आठवत नाही. म्हणजे दोन हजारांवर चिठ्ठ्या, ज्या मी पाहिल्या आहेत असं कोश म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी एका तपासनिसाला याच कारणासाठी काढलं. शिफारस माझी होती. तीन ओळींची, मला वाटतं चांगली लिहिली होती.

सर खोटं स्थळ देणार नाहीत. त्यांचा हात चुकला असेल, एखाद्या दिवशी माणूस दमलेला असतो. ते सांगतील.

शनिवार, १६ मार्च

सरांकडे गेले. तिसरा मजला. दार सूनबाईंनी उघडलं. सरांना आता कडेनंच दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणून ते माझ्याशी बोलताना खिडकीकडे तोंड करून बसले.

"कुठवर आलात?"

"ओ, सर."

"ओ मध्ये कुठं?"

"ओब."

"अजून ओप्प नाही आलं?"

"नाही."

का खोटं बोलले कोण जाणे.  सर म्हणाले, "येईल. आलं की ये." प्रत्येक खण त्यांना अजून पाठ आहे याचं नवल वाटलं.

सूनबाईंनी आतल्या खोलीत चहा दिला. पलंगाखालून काही खोके काढून ठेवले होते, त्यांतून वाट काढत बसले.

"हा पलंग असा अडचणीत कशाला ठेवलाय?" मी विचारलं.

"तो हलवू देत नाहीत. सासूबाईंनी शेवटी शेवटी फिरवून घेतला होता, दाराकडे तोंड करून. म्हणाल्या, येणाऱ्याकडे पाठ करून काय झोपायचं. बावीस वर्षं झाली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून गुडघा आपटतेय."

"फार वय होतं?"

"छे हो. पन्नाशी नुकती उलटली होती."

खाली उतरताना ठरवलं की पुढच्या वेळी सरळ विचारायचं. चिठ्ठी पिशवीतच राहिली. सतरा नंबर माझा होता हे त्यांना आठवतं का, एवढं तरी कळायला हवं होतं.

सोमवार, १८ मार्च

भिंगनं लेखी टिपण दिलं. मी घेऊन मुख्य संपादकांकडे गेले, ती मागून आलीच. त्यांनी चिठ्ठी भिंगाशिवाय वाचली, भिंगाखाली वाचली.

"अर्थ क्रमांक दोन काढा. चिठ्ठी खणाच्या तळाशी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"नियमानं त्या तपासणाऱ्याच्या त्या वर्षाच्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा बघाव्या लागतात," भिंग म्हणाली.

"किती?"

"वर्षाच्या आठेक हजार. सगळ्या खंडांत पसरलेल्या. या खंडात सहाशेच्या आसपास असतील."

"मे गेला मग." ते माझ्याकडे वळले. "कोण होता हा सतरा? आहे की आटोपला?"

त्यांना इथं येऊन सहा वर्षं झाली आहेत. त्यांना खरंच माहीत नाही.

"रजिस्टर बघावं लागेल," मी म्हटलं.

"मग नका बघू. आपला तो बाब्या निघायचा." हसले. मीही हसले. भिंग हसली नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मॅडम, मी कुणाला नोकरीवरून काढा म्हणत नाहीये. पण एक पान नसलेलं निघालं म्हणजे बाकीची आहेत कशावरून?"

"मुख्य म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. तुमचं नाही ऐकलं अजून."

हिला इतकं का लागावं? खोटी चिठ्ठी गेली, काम संपलं. सातवा खंड माझ्या नावानं निघेल. बावीस वर्षांनी पहिल्या पानावर नाव. तेवढं मागणं जास्त आहे का? मी माझ्यापुरतं उत्तर दिलं: नाही. मग उठून पाणी प्यायले. मग परत.

मंगळवार, १९ मार्च

घरूनच काम केलं. काम केलं नाही. दुपारी मावशी भाजी निवडत होती, तिच्यासमोर जाऊन बसले.

"तुम्ही वॉर्डात काय म्हणायचात? कुणी गेलं की?"

"डॉक्टर म्हणायचे एक्स्पायर झाले. नातेवाईक म्हणायचे गेले. आम्ही म्हणायचो बारा नंबर रिकामा झाला."

"वाईट."

"वाईट काय त्यात? चादर बदलायची असायची."

"घाबरून जातात का सगळे?"

"बरेचसे दमून जातात. एखाद्दुसरा बघत जातो. टक्क. जशी काही गाडी यायचीय आणि तिकीट हातात आहे." शेंगेचा दोर काढून बाजूला टाकला. "असं कोणी गेलं की त्या दिवशी आम्ही जरा कमी बोलायचो. त्याला शब्द नव्हता काही."

मग मी विचारलं, औषधांच्या कपाटावर तू कधी न बघता सही केलीस का.

"केली."

"मग?"

"एकदा मोजणारीनं चुकीची बाटली वर ठेवली होती. मी सही केली. रात्रपाळीच्या पोरीनं लेबल वाचलं म्हणून टळलं."

"म्हणजे काही झालं नाही."

"काही झालं नाही. म्हणून तर अजून आठवतं. काही झालं असतं तर शिक्षा झाली असती, संपलं असतं." माझ्याकडे बघितलं. "तू कशावर सही केलीस?"

सांगितलं. सगळं. तिनं निवडलेली भाजी धुवायला नेली आणि नळ चालू ठेवूनच म्हणाली, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही गं, काळ सोकावतो. उद्या जा त्या माणसाकडे. आणि पिशवीतली चिठ्ठी बाहेर काढ या वेळी."

चिठ्ठी खणात न जाता अजून पिशवीतच होती, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

बुधवार, २० मार्च

शनिवारचं पान काल परत वाचलं. पलंगाचं लिहिलं, वयाचं लिहिलं, आणि पुढे निघून गेले. मी शब्दांचे अर्थ लावून पोट भरते.

सूनबाई बाहेर गेल्या होत्या. सरांनी स्वतः दार उघडलं, भिंतीला हात लावत. मी बसायच्या आत म्हणाले, "ओप्प आलं."

"हो, सर."

"किती चिठ्ठ्या?"

"चोवीस."

"तेवीस."

मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांच्या कडेशी धरली, मग खाली ठेवली. वाचायची गरज नव्हती.

"ती गेली त्याच्या दहाव्या दिवशी कामावर आलो," ते म्हणाले. "समोर हाच खण. सगळे शिपाई. तलवारी, तटबंद्या. घरी लोक येत होते, कोणी म्हणे वारल्या, कोणी म्हणे सुटल्या. सुटल्या! ती काय कोंडलेली होती? एकही शब्द तिला बसत नव्हता. हा बसत होता, पण पुरावा नव्हता. मग लिहिला पुरावा. पाच मिनिटांचं काम."

"आणि पान?"

"पान मुद्दाम. पुस्तक चारशे बाराला संपतं हे मला माहीत नव्हतं का? कोणीही पुस्तक काढलं तर पकडेल असं पान लिहिलं. आणि तुझ्या गठ्ठ्यात घातली. बाकीचे माझ्या चिठ्ठ्या बघत नाहीत हे मला ठाऊक होतं. तू बघायचीस. शिडी सरकवल्याचा आवाज यायचा मला, पहिले काही दिवस. म्हटलं, ही पोरगी संध्याकाळपर्यंत येईल, म्हणेल, सर, पान नाही. मी म्हणेन, हो का, आण इकडे. फाडून टाकेन. तेवढा एक दिवस ती त्या खणात राहिली असती, पुरे होतं."

त्यांनी चिठ्ठी बोटानं माझ्याकडे सरकवली.

"दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत आला. चिठ्ठीवर सतरा."

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलू? तुला विचारलं असतं तू का नाही बघितलंस, तर तू विचारलं असतंस मी का लिहिलं. दोघांचीही सोय झाली न विचारण्यानं." खिडकीकडे तोंड. "तुला कायम करताना माझ्यापुढे दोन अर्ज होते. मी तुझा निवडला. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे."

ते मी लिहून ठेवते आहे. त्यावर आज विचार करणार नाही.

उठताना म्हटलं, "रद्द करताना कारण लिहावं लागतं, सर. मी 'स्थळ सापडत नाही' असं लिहीन."

"अजिबात नाही." शिकवायचे तो आवाज. "सापडत नाही लिहिलंस तर उद्या कोणी बिचारा शोधत बसेल. आयुष्य घालवेल एखादा. बनावट लिही. माझा आकडा आहेच खाली."

"सगळ्यांना कळेल."

"कळायलाच लिहितात."

जिन्यात मला वाटलं की ते मला वाचवत होते. दुसऱ्या मजल्यावर वाटलं की नाही, मला वाचवायचा विचार त्यांच्या मनात आलाच नाही. खाली येईपर्यंत ठरलं नाही.

गुरुवार, २१ मार्च

भिंग नऊला येते. मी साडेआठला जाऊन बसले. तिनं पिशवी ठेवायच्या आत म्हटलं, "सतरा मी."

"हो," ती म्हणाली.

"हो म्हणजे?"

"तुमच्या सातची शेपटी आत वळते. इथं सगळ्यांची बाहेर जाते. मुद्रितांवर रोज बघते मी."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. चिठ्ठी आणली तेव्हापासून."

"आणि तरी विद्यापीठात गेलीस? चार तास?"

"तुम्ही पाठवलंत." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मला वाटलं परत येईपर्यंत सांगाल. मग वाटलं सोमवारी मुख्यांच्या पुढं सांगाल. मी काय तुमच्या तोंडून काढून घ्यायचं होतं का? मी इथं तुमच्याकडे बघून आले, मॅडम. मुलाखतीत तुम्ही मला म्हणालात, पुस्तक उघडल्याशिवाय आपला स्वतःचा जन्मदिवससुद्धा लिहायचा नाही."

असं मी म्हणाले होते, हे मला आठवत नाही. म्हणाले असेन.

दोघी मुख्यांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, नाकाच्या दोन्ही बाजू चोळल्या. "तुम्हाला हे बोलायची काय गरज होती हो? मी झाकलं होतं की."  मग म्हणाले, खंडावर माझं नाव येणार नाही. छपाई पुढच्या वर्षी. मी कामावर राहीन, पण चौकशी होईपर्यंत कुठल्याही चिठ्ठीवर आकडा घालायचा नाही. आणि सतराच्या चिठ्ठ्या मी स्वतः तपासायच्या नाहीत. ते उघडच आहे.

"त्या दुसऱ्याला काढला होता ना आपण," ते म्हणाले. "त्याचं काय?"

"त्याला मी पत्र लिहिते."

"काय लिहिणार?"

"काय झालं ते."

रद्द चिठ्ठीवर कारणाची एक ओळ असते. लिहिलं: बनावट. स्थळ अस्तित्वात नाही. तपासणाऱ्याने पुस्तक उघडलं नव्हतं. खाली सही करायची असते. आकडा नाही, पूर्ण नाव. भिंगनं टीपकागद पुढं केला.

शुक्रवार, २२ मार्च

पत्राचे चार मसुदे. पहिल्या तिन्हींत मी क्षमेच्या आसपास घिरट्या घातल्या आहेत. चौथा नऊ ओळींचा. तो पोस्टात टाकला. उत्तर आलं नाही तरी चालेल असं लिहिणार होते, पण ते खरं नाही, म्हणून लिहिलं नाही.

सरांना फोन केला. फोन सूनबाईंनी घेतला. म्हणाल्या, परवा तुम्ही गेल्यावर जेवले व्यवस्थित. आज पलंगावर पडलेत दुपारचे. कधी पडत नाहीत त्यावर.

मंगळवार, २६ मार्च

ओप्पेतेरे नव्यानं लिहिला. लढताना, मरणाकडे आपण होऊन जात, मरणे. एकच अर्थ. तेवीस चिठ्ठ्या. नोंद दोन ओळींनी आखूड झाली. मावशीला वाचून दाखवली.

"आणि घरी मरणाऱ्यांचं काय?"

"त्याला पुरावा नाही."

"बरं," ती म्हणाली. वाद घालेल असं वाटलं होतं. घातला नाही.

कालपासून भिंग सतराच्या चिठ्ठ्या, मी तपासल्या त्याच क्रमानं, बघते आहे. शेजारची खोली तिला दिली. दोन दिवसांत एकशे चाळीस झाल्या. तीनमध्ये चूक: एका पानाचे आकडे उलटसुलट, एक ओळ अर्धीच, एकात नाव चुकलेलं. या तिन्ही सरांच्या साध्या चुका. मी पाहिल्या असत्या तर पाच मिनिटांत दुरुस्त झाल्या असत्या. पहिल्या शंभरात एकही नाही. भिंगनं हे सांगताना 'पहिल्या शंभरात' जरा जास्त सावकाश म्हटलं. की मला तसं ऐकू आलं?

मला आज करण्यासारखं काही नाही. आकडा घालायचा नाही, चिठ्ठीला हात लावायचा नाही. तीनदा तिच्या दारापर्यंत गेले. एकदा विचारलं, पाणी हवं का. नको म्हणाली. दुसऱ्यांदा तिनंच वर न बघता म्हटलं, "मॅडम, तुम्ही उभ्या राहिलात की माझी ओळ चुकते."

परत येऊन बसले. भिंत पातळ आहे. खण उघडल्याचा आवाज येतो. शिडी सरकते, वर पावलं, मग खाली पावलं. पुस्तक टेबलावर ठेवल्याचा आवाज, पानं. मग काही नाही. इतका वेळ काही नाही की उठून बघावंसं वाटतं. उठत नाही. ती वाचते आहे.